अड्यारची पाठवणी

चेन्नईहून कराडला परतले आणि भिशीतल्या बायकांनी घेरलंच. "मरीना पाहिलात?" नाही. "कांचीपुरम?" नाही. "निदान साड्या तरी?" त्याही नाही. "अहो, मग इतके दिवस केलंत तरी काय?" मी खरं तेच सांगितलं. व्याह्यांबरोबर जाऊन एका नदीला समुद्रापर्यंत पोचवून आले. सगळ्या पुढची भिशी कुणाकडे यावर एकदम बोलायला लागल्या. तेव्हा म्हटलं, तोंडी सांगण्यात राम नाही, लिहूनच काढावं.

मी गेले होते लेकीच्या बाळंतपणासाठी. मृणाल शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, जावई प्रसन्नही तिथेच. जावयांचं घराणं तंजावरी मराठी, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडून तिकडे गेलेलं आणि जाताना नेलेली मराठी लोणच्यासारखी मुरवून ठेवलेलं. व्याही व्यंकटराव बँकेतून निवृत्त झालेले, विधुर, काटक, फक्त गुडघ्यांनी दगा दिलेला. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले होते, "यावें, बसावें विहीणबाई, कॉफी आणलालों." 'आणलालों' म्हणजे 'आणतो आहे', हे मागाहून कळलं; तेव्हा वाटलं, हे नाटकात काम करत असावेत. कॉफी मात्र अशी होती की बाकीचं सगळं माफ.

व्यंकटरावांचं घर सैदापेटला, तळमजल्यावर. मागच्या भिंतीपलीकडे अड्यार नदी. मोठ्या पुराच्या वर्षी ती भिंत ओलांडून आत आली होती आणि अजूनही स्वयंपाकघरात माझ्या मांडीच्या उंचीवर तिची तपकिरी रेघ आहे. कितीही रंग दिला तरी वर येते. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस बॅगा भरायला लागतो, तेव्हा तिकडे तो गाडीतून उतरतो. ऐन पावसात बाळंतपण, तेही त्या रेघेखाली! म्हणून पोरांनी वेलचेरीला सातव्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं होतं. वेलचेरीतही पाणी भरतं म्हणे, पण ते जिना चढून सातव्या मजल्यावर येत नाही, एवढा भूगोल मी मुलांना जन्मभर शिकवला आहे. सामान हलवायची लॉरी ठरली होती. अडून बसले होते ते व्यंकटराव.

"मी येणार नाहीं," ते म्हणाले. "नवस राहिला आहे."

नवस असा. त्या पुरात पाणी देवघराच्या पायरीपर्यंत चढलं तेव्हा व्यंकटरावांनी हात जोडून नदीला सांगितलं होतं, "आई, तूं वाट चुकलीस. इथें थांब. मी स्वतः तुला उगमापासून समुद्रापर्यंत नेऊन सोडतों." पाणी पायरीवर थांबलं. मग बँक, बायकोचं लांबलेलं आजारपण, मग गुडघे. नवस तसाच राहिला. आता घर सोडण्याआधी तो फेडायलाच हवा, नाहीतर घर सोडायचं नाही. आणि मृणालने जाहीर केलं, "मामंजी येणार नसतील तर मीही इथून हलणार नाही." पोर माझ्यावर गेली आहे, मी काय बोलणार?

प्रसन्नने मार्ग सुचवला. "अप्पा, कॅब बुक करतों. उगमाला जाऊं, बाटली भरूं, जेवणाआधीं समुद्र."

"नदी कॅबनें जाते काय?" व्यंकटराव म्हणाले. "तिच्या वाटेनें जायला पाहिजे."

मला हे पटलं, ही माझी चूक की शहाणपण ते अजून ठरवते आहे. मी म्हटलं, "व्याहीबुवा, मी भूगोलाची बाई. मी येते बरोबर. पण नदी समुद्राला पोचली की दुसऱ्या दिवशी तुम्ही वेलचेरीला. कबूल?" त्यांनी मान हलवली. मान हलवायची त्यांची पद्धत आडवी, त्यामुळे तो होकार आहे हे प्रसन्नने समजावून सांगितलं.

पहिला दिवस : उगम

नदीचा उगम म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं. धुकं, डोंगर, दगडी गाईच्या मुखातून पडणारी कृष्णा. वर्गात मी फळ्यावर काढायचे ते चित्रही तेच. बाल्यावस्थेत नदी डोंगरावरून उड्या मारते, तारुण्यात रुंदावते, म्हातारपणी सपाटीवर वळणं घेत गाळ टाकते. श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे बसमधून उतरलो तर डोंगर नावाला नाही. एक पसरट तळं, बगळे, पलीकडे गाड्यांच्या कारखान्यांच्या निळ्या शेडी. अड्यार ही जन्मतःच पेन्शनर नदी आहे. उड्या मारायचं वय तिला आलंच नाही.

काठावर एक बाई शेळ्या चारत होती. व्यंकटरावांनी तिला तमिळमध्ये विचारलं, नदी नेमकी कुठून सुरू होते? तिने हाताने मोघम दिशा दाखवली आणि म्हणाली, "तण्णि वंदा आरु. वरलेन्ना रोडु." म्हणजे पाणी आलं तर नदी, नाही आलं तर रस्ता. जगातल्या निम्म्या नद्यांची व्याख्या एका वाक्यात झाली आणि मी पाठ्यपुस्तकातली चार पानं वाया घालवली होती.

व्यंकटरावांनी पितळी तांब्या बुडवला, हळद-कुंकू लावलं, वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला. मग मला नियम सांगितला. "समुद्र येईपर्यंत हा भुईला टेकूं नये."

"टेबलावर चालेल?"

"टेबल भुईवरच असतें ना?"

"मग आपणही भुईवरच उभे आहोत की."

त्यांनी बराच विचार केला. "आम्ही जिवंत आहों," ते म्हणाले. या युक्तिवादापुढे माझी पदवी थकली. पदर खोचला आणि आम्ही नदीतून चालायला लागलो. त्या बाईच्या व्याख्येप्रमाणे ती तेव्हा रस्ताच होती.

दुपारी एका खानावळीत जेवलो. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पुन्हा भात. तिकडे पाणी पिताना भांड्याला ओठ लावत नाहीत, वरून धार सोडतात. मी तशी सोडली ती थेट ब्लाऊजमध्ये. आधी मी जेवले आणि तांब्या त्यांनी धरला, मग उलट. वाढपी तांब्याकडे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलंच, आत काय आहे? व्यंकटरावांनी खरं सांगितलं. तो आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकाने तांब्याला हात जोडले आणि आम्हाला एक पायसम जास्त दिलं. कराडला असं कुणी सांगितलं असतं तर डॉक्टरांना बोलावलं असतं.

कंपनीची बस

जेवणानंतर नदीकाठच्या रस्त्याने पुढे जायला शेअर ऑटो मिळेना. ऊन असं की नारळालाही घाम फुटावा. व्यंकटरावांचे गुडघे बोलायला लागले होते. तेवढ्यात एका कारखान्याची बस थांबली. आत निळ्या ओढणीतल्या मुली, कामाची पाळी संपवून घरी निघालेल्या. ड्रायव्हरने पितळी तांब्या, नारळ आणि अनवाणी म्हातारा पाहिला आणि दार उघडलं. मी मनात म्हटलं, देव पावला.

देव जरा जास्तच पावला. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, तिने ओंजळ पुढे केली. तिला वाटलं, हे कुठल्यातरी देवळातलं तीर्थ. तिच्यामागे दुसरी. मग रांगच लागली. व्यंकटराव माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. तीर्थ मागणाऱ्याला नाही म्हणायचं, हे त्यांच्या घराण्यात शेकडो वर्षांत कुणी केलेलं नाही. त्यांनी नारळ माझ्याकडे दिला आणि पिशवीतली पळी काढून पळीभर पळीभर वाटायला सुरुवात केली. ते तळ्याचं पाणी! त्यात सकाळी शेळ्या उभ्या होत्या! मी मृणालने शिकवलेली सगळी तमिळ पणाला लावून ओरडले, "तलैयिले! वायिले वेंडाम!" डोक्यावर घ्या, तोंडात नको! मुलींना वाटलं हा विधीचा भाग आहे. त्या सगळ्या एका सुरात "तलैयिले" म्हणत डोक्यावर पाणी घ्यायला लागल्या. एकीने तर मला वाकून नमस्कार केला आणि तपासणीत आपला माल पास होऊ दे असं मागणं घातलं. मी आशीर्वाद दिला. काय करणार?

बस तांबरमच्या अलीकडे थांबली तेव्हा तांब्याच्या तळाशी दोन पळ्या पाणी उरलं होतं.

व्यंकटराव रस्त्याकडेला उभे राहिले. चेहरा पडलेला. "नदी संपलाली विहीणबाई," ते म्हणाले. "परत उगमाला जायला पाहिजे."

मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. परत जायचं म्हणजे उद्याचा दिवस गेला, लॉरी गेली, आणि वर ढग तर साठायलाच लागले होते. मी शिक्षिकेचा आवाज काढला. चाळीस पोरांना एकदम गप्प करणारा तो आवाज.

"व्याहीबुवा, कुठली नदी उगमाचं पाणी समुद्रापर्यंत नेते? वाटेत लोक पितात, शेतं पितात, कारखाने पितात. कृष्णेचं महाबळेश्वरचं पाणी कराडला किती पोचतं म्हणता? नदी टिकते ती उपनद्यांवर. पुढे तिरुनीरमलैपाशी मोठ्या तलावाचा ओढा अड्यारला मिळतो. तिथे तांब्या भरायचा. हा नियम पृथ्वीचा आहे, माझा नाही."

त्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं. "पृथ्वीचा?"

"पहिल्यापासूनचा."

तिरुनीरमलैच्या टेकडीखाली संगमावर तांब्या पुन्हा काठोकाठ भरला. व्यंकटरावांनी उपनदीचीही पूजा केली. रात्री त्यांच्या चुलतभावाकडे मुक्काम केला आणि तांब्या झोपाळ्याच्या कडीला टांगून ठेवला.

दुसरा दिवस : धावपट्टी

सकाळी नदीकाठाने निघालो. नदी भूप्रदेश घडवते असं मी शिकवलं. काठ कोरते, वळणं घेते, मैदान रचते. इथे सगळं उलटं. इथे भूप्रदेशाने नदीला चांगलं बदडून सरळ केलं होतं. एका ठिकाणी तर तिच्यावरून विमानतळाची धावपट्टीच गेलेली. खाली नदी वाहते, वर विमान धावतं.

व्यंकटराव कुंपणापाशी जाऊन थांबले. नदी कुंपणाखालून आत शिरत होती आणि तिच्या वाटेनेच जायचं ठरलं होतं. बंदूकधारी जवान आला. उत्तरेकडचा, तरणाबांड, हिंदी बोलणारा. व्यंकटरावांची हिंदी "नमस्ते"ला संपते, म्हणून मी पुढे झाले.

"इसमें क्या है?"

"नदी है."

"कहाँ ले जा रहे हैं?"

"समुद्र."

त्याने आमच्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. "तो इधर से क्यों?"

"यह इधर से ही जाती है," मी धावपट्टीखालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

त्यानेही तिकडे पाहिलं. बहुधा रोज पाहत असूनही पहिल्यांदाच पाहिलं. "माताजी," तो अगदी अदबीने म्हणाला, "वो जा सकती है. आप नहीं."

इतकं बिनतोड उत्तर मला शिक्षण खात्यातही कधी मिळालं नव्हतं. त्याने आम्हाला सावलीत बसायला खुर्ची दिली. व्यंकटरावांनी मग स्वतःच तोडगा काढला. कुंपणाला वळसा घालून जायचं आणि पलीकडे नदी भेटेपर्यंत तिची माफी मागत राहायचं. शेअर ऑटोत सगळा वेळ ते पुटपुटत होते. शेजारचा माणूस फोनवर हप्ते चुकल्याबद्दल कुणाची तरी माफी मागत होता, त्यामुळे ते खपून गेलं.

सैदापेटचा पूल

इथवर येईतो पाणी काळं झालं होतं, वर जलपर्णीची गोधडी. पुलाच्या टोकाशी मृणाल ताकाचा डबा घेऊन उभी होती. आठवा महिना, पावलं सुजलेली. तिच्या पाठीमागे गल्लीत ते रेघेचं घर दिसत होतं.

व्यंकटरावांनी झटकन उपरणं काढून तांब्यावर टाकलं. "हाक मारूं नको मृणाल," ते कुजबुजले. "नदीला घर दिसूं नये. ओळखील ती."

माझा संयम सुटला. दोन दिवसांचं ऊन, ती रेघ, लेकीचे सुजलेले पाय, सगळं एकदम डोक्यात गेलं. "बास झालं! तांब्यातल्या पाण्याची एवढी काळजी, आणि हिच्या पोटातल्या जिवाची? उद्या पाऊस आला आणि हिला इथे कळा सुरू झाल्या तर हा तांब्या येणार आहे का धावून?"

मृणाल "आई!" म्हणाली. व्यंकटरावांनी डबा घेतला. ताक प्यायले. मग पुलाच्या कठड्याला टेकून, तांब्या पोटाशी धरून म्हणाले,

"त्या दिवशीं मी एकटा नव्हतों, विहीणबाई. प्रसन्नाची आई खाटेवर होती. हालवूं येत नव्हतें. खाट आणि देवघर एका उंचीचें. पाणी पायरीवर थांबलें म्हणून ती राहिली. त्यानंतर किती दिवाळ्या तिनें केल्या माझ्याबरोबर. ती किंमत मी अजून दिली नाहीं. न देतां वर जाऊन बसलों, आणि त्या घरांत हें लेकरूं आलें, तर मला झोंप येईल काय?"

मला रडू आलं. रागावलेल्या माणसाला रडू येणं यासारखी फजिती नाही. मी त्यांच्या हातून तांब्या घेतला आणि म्हटलं, "चला. माझी पाळी आहे धरायची."

मुख

अड्यारचं मुख मी मनात रंगवलं होतं. नदी शेवटी म्हातारी होते, रुंद होते आणि समुद्राच्या कुशीत शिरते. फळ्यावर इथे मी नेहमी निळा खडू वापरायचे. तिथे पोचलो. नदी होती. समुद्रही होता. मध्ये वाळूचा भलामोठा बांध होता. नदी येऊन त्याच्या अलीकडे थांबलेली, समुद्र पलीकडे आपटतोय, दोघांची ओळखदेख नाही. उन्हाळाभर नदीला जोर नसतो, तेव्हा लाटा वाळू आणून दार लावून घेतात. हे मला पुस्तकी ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र मी चक्क खाली बसले, तांब्या डोक्यावर धरून.

"पलीकडे जाऊन समुद्रात ओतूया," मी म्हटलं.

"नदीच पोंचली नाहीं," व्यंकटराव म्हणाले. "हें पाणी एकटें कसें जाईल?"

आणि खरोखर, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आता काय? नदी आपणहून पोचेपर्यंत थांबायचं तर पावसाळा यायला हवा, आणि पावसाळा आला की काय होतं ते स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लिहिलेलं होतंच.

पण पावसाआधी हे दार उघडून द्यावं लागतं. बांधाच्या टोकाला पिवळा जेसीबी वाळू उपसत होता. ड्रायव्हरच्या डोक्याला टॉवेल, कानाला गाणं. व्यंकटराव त्याच्याशी काय बोलले कुणास ठाऊक, पण तो इंजिन बंद करून खाली उतरला, तांब्याच्या पाया पडला, हसला आणि म्हणाला, शेवटचा घास उरला आहे, थांबा.

आम्ही चराच्या काठावर उभे राहिलो. जेसीबीने दात रुतवले, वाळूची शेवटची भिंत उचलली आणि समुद्राचा हिरवा तुकडा समोर दिसला. नदी आणि समुद्र यांच्यात आता काही नव्हतं. व्यंकटरावांनी डोळे मिटले, पुटपुटले, "शब्द दिला, शब्द पाळला. जा आई, सुखानें जा," आणि तांब्या उपडा केला. मी हात जोडले. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

पाणी क्षणभर थांबलं. मग आंब्याची पानं हलली. हळूच निघाली. मग जोरात. आमच्या पायांवरून, नदीकडे. आत. शहराकडे. चरातून समुद्र फेसाळत आत शिरत होता आणि आमचं तांब्याभर पाणी, कुंकू, पानं, सगळं पाठीवर घेऊन सैदापेटच्या दिशेने चालला होता.

"भरती," मी म्हटलं. "भरतीची वेळ बघायची राहिलीच."

मी व्यंकटरावांकडे बघायला धजत नव्हते. आता हे परत उगमाला जाणार. आता लॉरी नाही, वेलचेरी नाही, काही नाही. शेवटी मान वळवली तर ते कंबरेवर हात ठेवून त्या पाण्याकडे बघत होते, आणि रागावले होते. देवावर नव्हे, माझ्यावर नव्हे. दारापर्यंत सोडूनही पुन्हा मागे फिरलेल्या पाहुणीवर माणूस रागावतो, तसे. रिकामा तांब्या त्यांनी धाडकन वाळूत टेकवला आणि खिशातून फोन काढला.

"मृणाल, देव बांधायला घे. लॉरीवाल्याला सांग, उद्यां नको, आजच ये. अस्कं सामान, एकूण एक, वर न्यायचें आहे."

पलीकडून मृणाल घाबरून विचारत असलेली मला ऐकू आली, "काय झालं मामंजी? कोण येतंय?"

"जिला पोंचवायला गेलों," व्यंकटराव म्हणाले, "तीच परत येलाली."